शंभरातले अडीच कुठे जातात?

पत्र थोडक्यात: मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून तयार कपड्यांचं छोटं दुकान चालवतो. कार्ड मशीन घेताना 'फक्त १.८ टक्के कापले जातील' असं सांगितलं होतं. गेल्या महिन्यात कार्डावर १६० बिलं झाली, एकूण विक्री २,००,०००. म्हणजे ३,६०० कापायला हवे होते, प्रत्यक्षात ५,००० कापले गेले. भाऊ म्हणतो, मशीन परत करू, नाहीतर 'कार्डाने दिल्यास २ टक्के जादा' अशी पाटी लावू. मला गिऱ्हाईक तुटायची भीती वाटते. त्यातच दुसऱ्या कंपनीचा माणूस १.५ टक्क्याचं मशीन घ्या म्हणून मागे लागलाय आणि भाऊ सही करायला निघालाय. मालावर आम्हाला शंभराला सरासरी तीस सुटतात, त्यातूनच भाडं आणि पगार जातात. आमच्या कष्टाचे पैसे बँकेने बसल्या जागी का न्यावेत? आम्ही काय करावं? मशीनचं स्टेटमेंट आणि नव्या कंपनीचं दरपत्रक, दोन्हींच्या प्रती जोडल्या आहेत. (नाव छापू नये ही विनंती.)

ताई,

बरं झालं तुम्ही दोन्ही कागद पाठवलेत. कार्डाच्या शुल्काबद्दल दुकानदारांची पत्रं येतात ती बहुतेक 'फार कापतात हो' एवढ्यावरच थांबतात, आणि मग सल्लाही मोघमच द्यावा लागतो. तुमचे आकडे समोर आहेत, म्हणून नेमकं बोलता येईल. भावाने सही अजून केली नसेल, तर हे उत्तर वाचून होईपर्यंत त्याला थांबवा.

आधी ते पाच हजार. तुम्हाला वाटतंय, ठरलेल्यापेक्षा चौदाशे जास्त कापून बँकेने फसवलं. स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरातल्या ओळी आहेत, त्या मी एकेक करून मांडल्या. १.८ टक्क्याचे ३,६०० बरोबर आहेत. मशीनचं भाडं ६००. स्टेटमेंट आणि खातं सांभाळण्याचे १५०. या सगळ्यावरचा कर ३५०. उरले ३००, आणि त्या ओळीने मला थांबवलं. ती आहे 'सुरक्षा प्रश्नावली प्रलंबित' या नावाखाली. कार्डाची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला पीसीआय नावाचे सुरक्षेचे नियम लागू असतात. छोट्या दुकानांना सहसा वर्षातून एकदा एक प्रश्नावली भरून द्यावी लागते. ती भरली नाही तर अनेक कंपन्या दरमहा दंड लावतात. दंड म्हणून मोठ्या अक्षरात कोणी सांगत नाही, ती फक्त एक ओळ असते. तुम्ही ती प्रश्नावली भरलेली नाही. हा फॉर्म शांतपणे बसून भरला की ते तीनशे पुढच्या महिन्यापासून थांबायला हवेत. कंपनीने लेखी पोच द्यायला हवी, ती मागून घ्या.

म्हणजे दर सांगितला १.८ आणि पडला २.५. हाच आकडा महत्त्वाचा. महिन्याभरात जे जे कापलं गेलं त्याची बेरीज करा, तिला कार्डावरच्या एकूण विक्रीने भागा आणि शंभराने गुणा. येईल तो तुमचा खरा दर. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने आपल्या स्टेटमेंटवर हा हिशेब करून बघावा. छापील दर बघून कंपनी निवडणारे या भागाकारापर्यंत येतच नाहीत, आणि विकणाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं.

आता नव्या दरपत्रकाकडे या. वर ठळक १.५ टक्के लिहिलंय. खाली दर व्यवहाराला ३, आणि मशीनचा मासिक हप्ता ९००. तुमचीच विक्री घालून बघा: १.५ टक्क्याचे ३,०००, एकशेसाठ बिलांचे ४८०, हप्ता ९००, मिळून ४,३८०. तुमची सध्याची कंपनी दंड वगळून किती घेते? ३,६०० अधिक ६०० अधिक १५०, म्हणजे ४,३५०. कर दोन्हीकडे लागणारच. म्हणजे 'स्वस्त' मशीन तुम्हाला तीसने महागच पडेल, आणि शिवाय हप्त्याचा करार चार वर्षांचा आहे, मध्येच सोडता न येणारा. दुकान बंद झालं तरी हप्ता चालू. भावाला सहीपासून थांबवायला हे एवढं कलम पुरे आहे. मशीनच्या लांब मुदतीच्या करारात छोटे दुकानदार अडकतात ही तक्रार इतकी जुनी आणि इतकी सर्वत्र आहे की ब्रिटनच्या पेमेंट-नियामकाने (कार्ड आणि इतर पैसे-व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) मशीनच्या भाडेकरारांना १८ महिन्यांची कमाल मर्यादा घातली.

दर व्यवहाराला ३ हा आकडा निरुपद्रवी दिसतो, तोही नीट बघून ठेवा. तुमचं सरासरी बिल साडेबाराशेचं आहे, त्यावर ३ म्हणजे पाव टक्क्याच्या आत. पण ज्याच्याकडे पन्नास-पन्नासची बिलं होतात त्याला तेच ३ म्हणजे सहा टक्के. छोटी बिलं असणाऱ्याने ठरावीक रक्कम नसलेला दर शोधावा, मोठी बिलं असणाऱ्याने टक्का कमी करण्यासाठी भांडावं. दोघांना एकच सल्ला देणारा माणूस मशीन विकायला आलेला असतो.

आता तुमचा मूळ प्रश्न: बँकेने बसल्या जागी का न्यावेत? यात एक गृहीतक आहे, की सगळे पैसे एकच बँक नेते. तसं नाही. तुमच्या १.८ टक्क्याचे तीन वाटेकरी आहेत. गिऱ्हाइकाला ज्या बँकेने कार्ड दिलं तिचा वाटा सहसा सगळ्यात मोठा, त्याला इंटरचेंज म्हणतात. दुसरा वाटा व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या कार्ड-जाळ्याचा. तिसरा, तुम्हाला मशीन देऊन तुमच्या खात्यात पैसे जमा करणाऱ्या बँकेचा किंवा कंपनीचा. अमेरिकन एक्स्प्रेसच्या मूळ पद्धतीत कार्ड देणारा आणि दुकानदाराला सांभाळणारा एकच, त्यामुळे तिथे इंटरचेंज वेगळं निघत नाही. बाकी बहुतेक कार्डांवर हे तिघे आलेच.

यातल्या पहिल्या दोघांशी तुमची कधी गाठच पडत नाही. त्यांचे दर कार्ड-जाळी ठरवतात, आणि तेही एकच नसतात. क्रेडिट कार्डाचा वेगळा, डेबिटचा बहुधा कमी. साध्या कार्डाचा कमी, पॉइंट्स आणि विमानतळावरच्या लाउंजच्या सवलती देणाऱ्या कार्डाचा जास्त. कार्ड समोर असताना कमी, फोनवर नंबर घेऊन केलेल्या विक्रीला जास्त. परदेशी बँकेचं कार्ड असेल तर आणखी जास्त. तुम्हाला सरसकट १.८ लावलाय म्हणजे या सगळ्याची एक गोळाबेरीज करून मशीनवाल्याने आपला नफा वर ठेवलाय. महागडं कार्ड आलं की त्याचा नफा आटतो, साधं डेबिट आलं की फुगतो. तुमच्या दुकानात डेबिट कार्डं जास्त येत असतील, तर हा सरसकट दर तुमच्या तोट्याचा असण्याची दाट शक्यता आहे. कंपनीकडे गेल्या तीन महिन्यांच्या विक्रीतलं डेबिट किती, क्रेडिट किती, हे मागा. ही माहिती तिच्याकडे असते.

तुमचा राग चुकीचा आहे असं मला अजिबात वाटत नाही. कार्ड देणारी बँक गिऱ्हाइकाला महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे वापरू देते, ते बुडाले तर सोसते, फसवणुकीचा काही भार उचलते. त्याचा मोबदला तिने घ्यावा हे पटतं. पण त्याच वाट्यातून गिऱ्हाइकाचे पॉइंट्स आणि भेटीही निघतात. बँकेने आपलं गिऱ्हाईक धरून ठेवायचं आणि त्याचा खर्च तुम्ही भरायचा. तुम्ही तो किमतीत घालता, आणि मग रोख देणारा, ज्याच्याकडे कार्डच नाही असा माणूसही दुसऱ्याच्या पॉइंट्सचे पैसे भरतो. हे मला अन्यायाचं वाटतं. दुकानदाराला निवडही नसते: त्या जाळ्याचं एक क्रेडिट कार्ड घ्यायचं म्हटलं की जगात बहुतेक ठिकाणी त्या जाळ्याची सगळीच क्रेडिट कार्डं घ्यावी लागतात, महागडी धरून.

ही तक्रार कार्डाइतकीच जुनी आहे. १९५० मध्ये डायनर्स क्लब सुरू झाला तेव्हा हॉटेलवाल्यांकडून बिलाचे सात टक्के घेतले जात. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये क्रेडिट कार्डावरचं इंटरचेंज सरासरी ०.९५ टक्क्यांवरून ०.५५ च्या आसपास आणायला लावलं. तेव्हा कार्डांचा धंदाच बसेल असा इशारा दिला गेला होता. झालं इतकंच की बँकांनी पॉइंट्स आवळले आणि वार्षिक फी वाढवली; लोक कार्ड वापरतच राहिले. युरोपीय महासंघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या डेबिट कार्डाला ०.२ आणि क्रेडिट कार्डाला ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर दुकानदाराकडून हे शुल्क घेता येत नाही, क्रेडिट कार्डावर मात्र तशी सूट नाही. अमेरिकेत दुकानदारांनी २००५ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डविरुद्ध लावलेल्या दाव्यातली साडेपाच अब्ज डॉलरची भरपाई न्यायालयाने मंजूर केली ती २०१९ मध्ये. तो लढा संघटनांनी आणि सरकारांनी लढायचा आहे. तुमच्या व्यापारी संघटनेत हा विषय जरूर मांडा, पण येत्या महिन्याचा तुमचा हिशेब त्याने बदलणार नाही.

बदलू शकतो तो तिसरा वाटा. आणि इथे कोणी आपणहून काही देत नाही. ब्रिटनच्या नियामकाने २०२१ च्या अहवालात म्हटलं की युरोपीय मर्यादेमुळे इंटरचेंज उतरलं, पण छोट्या आणि मध्यम दुकानदारांपर्यंत ती बचत सरासरीने जवळपास पोचलीच नाही. मधल्या कंपन्यांकडेच राहिली. का? एक कारण असं की दुकानदार दर तपासत नाहीत, कंपनी बदलत नाहीत, घासाघीस करत नाहीत. मालाच्या भावावरून घाऊक व्यापाऱ्याशी तासभर घासाघीस करणारे आपण, मशीनच्या करारावर मात्र उभ्या उभ्या सही करतो.

म्हणून सध्याच्या कंपनीला लेखी विचारा: डेबिट आणि क्रेडिटचा दर वेगळा करून द्याल का? इंटरचेंज, जाळ्याचं शुल्क आणि तुमचं शुल्क असं तीन ओळींत बिल द्याल का? या पद्धतीला इंटरचेंज-प्लस म्हणतात. युरोपीय महासंघात दुकानदाराने लेखी नको म्हटल्याशिवाय असं कार्डागणिक वेगळं बिल द्यावंच लागतं, बाकी अनेक ठिकाणी मागावं लागतं. विक्री अगदी कमी असणाऱ्याला सरसकट दरच सोयीचा पडतो, तेव्हा हे सगळ्यांनीच मागावं असं नाही. पण महिन्याला दोन लाखांची विक्री असताना विचारायला काहीच हरकत नाही. सोबत दुसऱ्या दोन कंपन्यांची दरपत्रकं जोडा. मशीनचं भाडं तर बोलणीत सगळ्यात आधी उतरतं.

आता भावाचे दोन उपाय. मशीन परत करणं हा पहिला. त्याला वाटतंय की पाच हजार वाचतील. ते वाचतील तेव्हाच, जेव्हा कार्डवालं प्रत्येक गिऱ्हाईक दुसऱ्या मार्गाने तितकीच खरेदी करेल. कार्डाच्या विक्रीवर तुम्हाला साठ हजार सुटतात, शुल्क जाऊन पंचावन्न. मशीन काढल्यावर तेच पंचावन्न हजार हवे असतील, तर विक्री साधारण १,८३,३०० च्या खाली जाता कामा नये. तुमच्या सरासरी बिलाने मोजलं तर एकशेसाठपैकी चौदा गिऱ्हाइकं परत गेली की तुम्ही तोट्यात. कपड्यांच्या दुकानात माणूस एक घ्यायला येतो आणि दोन घेऊन जातो. खिशातली रोकड मोजून खरेदी करणारा दुसरा कपडा ठेवून देतो. म्हणून चौदाचा आकडा गाठायला वेळ लागणार नाही असं मला वाटतं. निर्णय मात्र माझ्या वाटण्यावर घेऊ नका. पुढचे दोन आठवडे गल्ल्याजवळ वही ठेवा आणि कार्ड देणाऱ्याला सहज विचारा, मशीन बंद असतं तर कसे दिले असते. उत्तरं लिहून ठेवा.

हाच हिशेब शंभराला सहा-सात सुटणाऱ्या दुकानदाराचा वेगळा येतो. शुल्क विक्रीवर लागतं, नफ्यावर नाही, हे विसरून चालत नाही. तुमच्या तिसातले अडीच म्हणजे नफ्याचा बारावा हिस्सा. ज्याला सहाच सुटतात त्याच्या नफ्याचा तो जवळजवळ निम्मा भाग. त्याने छोट्या रकमेसाठी कार्ड न घेण्याचा किंवा कमी शुल्काच्या मार्गाकडे गिऱ्हाइकाला वळवण्याचा विचार करणं अगदी रास्त आहे. करारात तशी मुभा आहे का, तेवढं आधी बघावं.

आणि रोकड फुकट असते हे दोघांनीही डोक्यातून काढा. रात्री गल्ला मोजण्यात जाणारा वेळ, सुट्ट्यांची चणचण, न जुळणारा हिशेब, बँकेत भरणा करायला जाणारा माणूस, चोरीची धास्ती, खोटी नोट. हे कुठल्याच स्टेटमेंटवर ओळ होऊन येत नाही म्हणून दिसत नाही. उधारीचंही तेच. कार्डावर विकलं की गिऱ्हाइकाने बँकेचे पैसे फेडोत न फेडोत, तुमचे तुम्हाला मिळालेले असतात; वहीतल्या उधारीला ती खात्री नाही.

दुसरा उपाय, दोन टक्क्यांची पाटी. ही लावण्याआधी दोन गोष्टी तपासा: तुमच्या इथला कायदा आणि मशीनच्या करारातलं त्याबद्दलचं कलम. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या कार्डावर असा अधिभार घेता येत नाही, युरोपीय महासंघातही बहुतेक कार्डांवर बंदी आहे. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये परवानगी दिली, पण पुढे प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त घ्यायला मनाई करावी लागली. काही ठिकाणी कायदा गप्प असतो आणि करारच मनाई करतो. मग एका गिऱ्हाइकाची तक्रार पुरते आणि मशीन जातं. मुभा असली तरी मी पाटी लावायला सांगणार नाही. आवडलेला कपडा हातात घेऊन गल्ल्यापाशी आलेल्या माणसाला शेवटच्या क्षणी जादा पैसे सांगितले की तो रक्कम विसरतो, पण तो क्षण लक्षात ठेवतो. तुमचा खर्च अडीच टक्के आहे. तो हळूहळू किमतीत मुरवता येतो. रोख देणाऱ्याला थोडी सूट देणं पुष्कळ ठिकाणी चालतं. भावाचं समाधान त्याने होत असेल तर तेवढं करून बघा.

राहिल्या काही बारीक गोष्टी, ज्या तुमच्या हातात आहेत आणि ज्यांना पैसे पडत नाहीत. कार्ड समोर असताना नंबर हाताने मशीनवर टाकू नका, चिप किंवा टॅपच वापरा. हाताने टाकलेल्या व्यवहाराला दर चढा लागतो आणि पुढे वाद झाला तर नुकसान बहुधा दुकानदाराचंच होतं. दिवसाचा हिशेब मशीनवर त्याच रात्री बंद करा, रेंगाळलेल्या व्यवहारांना काही ठिकाणी जास्त दर पडतो. तुमच्या दुकानाला दिलेला चार आकडी वर्ग-क्रमांक कपड्यांचाच आहे ना, हे विचारून घ्या. चुकीच्या वर्गात टाकलेलं दुकान चुकीचा दर भरत राहतं. गिऱ्हाइकाच्या स्टेटमेंटवर तुमच्या दुकानाचं पाटीवरचंच नाव उमटतं का, तेही बघा. भलतंच नाव दिसलं की लोक 'ही खरेदी माझी नाही' म्हणून बँकेकडे तक्रार करतात. अशा तक्रारीला चार्जबॅक म्हणतात. त्यात विक्रीची रक्कमही अडकते आणि वर दंडही बसतो. तक्रारीचं पत्र आलं की मुदतीच्या आत बिलाची प्रत पाठवायची, रास्त बाजू असूनही मुदत चुकली की पैसे जातात. आणि माल परत घेतला तर मूळ विक्रीवर कापलेलं शुल्क परत मिळतंच असं नाही. अनेक कंपन्या ते ठेवून घेतात, म्हणून कपड्यांच्या धंद्यात बदलून देणं हे पैसे परत करण्यापेक्षा बरं.

भावाशी वाद घालू नका. तोही दुकानाच्या काळजीनेच बोलतोय, आणि पाच हजार त्यालाही टोचतायत. दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवा, ४,३५० आणि ४,३८० ची बेरीज त्याच्याच हाताने करू द्या. मग दोघं मिळून सध्याच्या कराराचं शेवटचं पान उघडा आणि मुदत कधी संपते ते शोधा. असे करार बरेचदा आपोआप वर्षभर वाढतात, आणि नको असेल तर संपण्याच्या महिना-दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं. कळवायची ती तारीख शोधून गल्ल्यामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. घासाघीस त्याच्या आधीच्या आठवड्यांत करा, कारण तुम्ही सोडून जाऊ शकता हे कंपनीला तेव्हाच खरं वाटतं.